घाटावरची सून आणि पडवळ

माझ्या माहेरी पडवळ कुणी खात नसे. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी वडिलांचा दीड एकराचा मळा होता. त्यात वांगी, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर आणि बांधाकडेला गवार. पडवळ म्हणजे आजाऱ्याच्या पथ्याची भाजी, असाच आमचा समज. 1996 साली लग्न होऊन रत्नागिरीजवळ, पावसच्या बाजूच्या एका गावात आले. पहिल्याच श्रावणात सासूबाईंनी आठवड्यातून तीनदा पडवळ वाढलं. एकदा चणाडाळ घालून, एकदा दह्यातली कोशिंबीर, एकदा बियांची चटणी. मी मुकाट्याने खाल्लं आणि मनाशी ठरवलं, या माणसांना खरी भाजी पिकवून दाखवायची.

दाखवायला आठ वर्षं लागली. मुलं शाळेत जायला लागली आणि 2004 च्या जूनमध्ये घरामागच्या जमिनीत मी टोमॅटोची चारशे रोपं लावली. बियाण्याच्या दुकानदाराने पाकीट देताना सांगितलं होतं, ‘बारमाही आहे, कधीही लावा.’ कुठेही लावा असं तो म्हणाला नव्हता, हे मला नंतर सुचलं.

जुलैच्या शेवटी रोपं मांडीएवढी झाली, हिरवीगार, फुलांवर आलेली. एका सकाळी पाहते तर सहा रोपांनी माना टाकलेल्या. पान पिवळं नाही, डाग नाही, कीड नाही. जमीन तर चिंब भिजलेली, आणि रोप मात्र पाण्यावाचून कोमेजावं तसं. दुसऱ्या दिवशी वीस. पंधरवड्यात निम्मं शेत आडवं झालं. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, ‘पाणी जास्त होतंय, बंद कर.’ मी खिडकीतून बाहेर बघत होते. कोसळणाऱ्या पावसाचं पाणी कुठली चावी फिरवून बंद करायचं? माझ्या माहेरी वर्षभरात सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत एकट्या जूनमध्ये तेवढा पडतो आणि वर्षाचा आकडा तीन हजारांच्या पुढे जातो. वडिलांनी आयुष्यभर पाणी कसं द्यायचं याचा विचार केला होता. मला ते कसं काढायचं हे कुणी शिकवलंच नव्हतं.

गावात कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी मेलेल्या रोपाचं खोड तिरकं कापलं, काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात उभं धरलं आणि मला म्हणाले, ‘बघा आता.’ मिनिटाभरात कापलेल्या तोंडातून दुधासारखी पांढरी तार पाण्यात उतरायला लागली. तो जिवाणू होता. मातीतून मुळाच्या जखमेवाटे आत शिरतो आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच बुजवून टाकतो. जिवाणूजन्य मर. उष्ण हवा, ओल आणि आंबट जमीन त्याला मानवते, आणि ही तिन्ही आमच्या जांभ्याच्या मातीत आयती आहेत. वर तो मातीत वर्षानुवर्षं राहतो. टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा ही सगळी एका कुळातली, त्यामुळे टोमॅटो मेला म्हणून त्याच जागी वांगी लावली तर तीही जातात. हे त्यांनी सांगितलं तेव्हा माझी वांग्यांची रोपं वाफ्यात तयार होती. मी ती तरीही लावली. ती गेली.

सासूबाई यातलं सगळं पाहत होत्या. त्यांनी एकदाच तोंड उघडलं, तेही लावणीच्या आदल्या दिवशी. ‘अगो, पावसात इथं ते नाय जगायचं.’ मी ऐकलं नाही. नंतर त्या काही बोलल्या नाहीत आणि त्या न बोलण्याचा मला जास्त राग येई.

त्याच पावसात घराच्या डाव्या अंगाला त्यांचा मांडव होता. मी तो शोभेचा किंवा फार तर घरापुरता समजत होते. चार पांगाऱ्याच्या मेढी, वर बांबू, त्यांना सुंभाची जाळी. पांगाऱ्याचे खांब पावसात पालवतात, म्हणून दर वर्षी नव्या मेढी पुरायला नकोत. मे महिन्याच्या शेवटी रोहिणी नक्षत्र लागलं की त्या खाली चार-पाच ठिकाणी माती ओढून वीतभर उंचीचे ढीग करत, त्यात राख आणि कुजका पातेरा कालवत आणि बी टोचत. आळं करून खोलगट जागी बी लावायची माझी सवय. माहेरी आळं हवंच, नाहीतर दिलेलं पाणी वाहून जातं. इथे आळं म्हणजे पाणी साचायची वाटी. त्यांचा तो ढीग पाहून मी हसले होते. वेल मुळाशी कोरडा राहतो, मांडवावर चढला की पानं जमिनीपासून सात फुटांवर जातात, खालून वारा खेळतो, पान तासाभरात सुकतं, आणि पान सुकलं की बुरशी धरत नाही. एवढं शास्त्र त्या ढिगात आणि त्या सुंभात होतं. त्यांना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, आमच्यात असंच करतात.

ऑगस्टमध्ये माझं शेत चिखल झालं होतं आणि मांडवाला पडवळं लोंबत होती. वाकडं वाढायला लागलेलं पडवळ सरळ व्हावं म्हणून त्यांनी टोकाला सुतळीने खडे बांधले होते. हातभर लांब पंधरा-वीस पडवळं, प्रत्येकाच्या टोकाला एकेक खडा, आणि त्याखालून मी मेलेल्या टोमॅटोचे भारे वाहून नेत होते.

गणपती आले. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी मी रत्नागिरीला बाजारात गेले होते. एका म्हातारीसमोर सुपात भाजीचे वाटे लावलेले. अळूची दोन पानं, देठ, भेंडी चार, शिराळ्याचा तुकडा, पडवळाचा तुकडा, लाल माठाची जुडी, भोपळ्याची फोड, सुरणाची फोड, मक्याचं कणीस, चवळीच्या शेंगा. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, परसातलं हातानं लावलेलंच लागतं. नऊ वाजायच्या आत तिचं सूप रिकामं झालं. मी शेवटचा वाटा घेतला. घरी येऊन तो ओट्यावर पसरला तेव्हा लक्षात आलं की भाद्रपदात, तीन महिने पाऊस झोडपून गेल्यावर, या मातीत काय उभं राहतं याची यादीच माझ्यापुढे पडली आहे. टोमॅटो त्यात नव्हता. वांगंही नव्हतं.

पुढच्या वर्षी मी दुसरा मांडव घातला. सासूबाईंच्या मांडवाच्या चौपट.

आता सगळं सरळ झालं असं म्हणता येणार नाही. मांडवाचे धडे वेगळे होते. शिराळी आणि कारली लागली, पण बोटभर झाली की वाकडी व्हायची, पिवळी पडायची आणि आतून किडायची. फळमाशी. ती कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते, अळी आत असते, म्हणून वरून फवारून काही उपयोग नाही. मी दोन वर्षं फवारलं, कारण फवारलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. मग क्यू ल्युरचे सापळे टांगले. त्या वासाला नर माश्या येतात आणि अडकतात, मादीला नर मिळत नाही. त्यातही मी एक चूक केली. आंब्याच्या बागेतला मिथाइल युजेनॉलचा सापळाच उचलून इथे लावला. आंब्याची माशी वेगळी, वेलीची वेगळी. सापळा भरला, पण कारली किडायची थांबली नाहीत. सापळ्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे गळलेलं किडकं फळ रोज वेचून खोल पुरणं. हे कंटाळवाणं आहे, म्हणून कुणी करत नाही.

फुलांच्या वेळा मला फार उशिरा कळल्या. पडवळ आणि शिराळी संध्याकाळी फुलतात, कारली आणि काकडी सकाळी. पडवळाचं फूल काळोखात पाहावं. पांढऱ्या सुताची झालर सोडल्यासारखं दिसतं. सकाळी पावसाचा जोर असला की काकडीवर मधमाशी फिरकत नाही आणि फळ धरत नाही; त्या दिवशी संध्याकाळी उघडीप मिळाली तर पडवळाचं मात्र साधून जातं. एकाच मांडवावर दोन्ही वेळांचे वेल ठेवायचे, हा माझा स्वतःचा शोध. सासूबाईंच्या मांडवावर ते आधीपासून होतेच, ही गोष्ट वेगळी.

करटोलीचं तर हसूच झालं. रानात जुलैत करटोली मिळतात, बाजारात भाव चांगला असतो, म्हणून मी पिकल्या फळांचं बी लावलं. दुसऱ्या वर्षी वेल मांडवभर झाले, फुलं आली, फळ एक नाही. करटोलीत नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेगळा असतो आणि बियांतून काय निघेल ते फुलं येईपर्यंत कळत नाही. माझ्याकडे जवळपास सगळे नर निघाले होते. आता मी मादी वेलाचे कंदच लावते आणि दहा माद्यांमागे एक नर ठेवते. ही गोष्ट बायकांत सांगितली की भरपूर हशा होतो.

वालाची चूक याच्या उलट. पाऊस सगळ्याला चांगला, या हिशेबाने मी गावठी वाल जूनमध्येच टोचले. वेल गोठ्याच्या कौलांवर गेला, तिथून शेजाऱ्यांच्या पेरूवर. फूल नाही. शेजारी येऊन विचारून जात, ‘काय गो, कधी देणार शेंगा?’ गावठी वालाला दिवस लहान व्हावे लागतात, त्याशिवाय तो फुलावर येत नाही. नोव्हेंबरात भात कापल्यावर खाचरातल्या ओलीवर टोचलेला टीचभर वाल आणि माझा जूनपासूनचा कौलावरचा वाल जवळपास एकाच वेळी फुलले. पाच महिने मी नुसती पानं पोसली होती.

म्हणजे कुठली भाजी लावायची हा प्रश्नच अर्धा आहे. कधी लावायची हा उरलेला अर्धा. भेंडी उन्हाळ्यात लावली तर पांढऱ्या माशीने केवडा येतो, शिरा पिवळ्या पडतात, झाड खुजं राहतं. तीच भेंडी मृगात लावली तर पावसाच्या माऱ्यात माशी टिकत नाही आणि गावठी, पांढरट, जास्त धारांची भेंडी डोक्याएवढी वाढून नवरात्रापर्यंत देत राहते. उन्हाळ्यात लावायचीच असेल तर परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका, रोगाला तोंड देणाऱ्या जाती घ्याव्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आमच्याच हवेसाठी जाती काढल्या आहेत. कारल्यात कोकण तारा, दोडक्यात कोकण हरिता, पडवळात कोकण श्वेता, चवळीत कोकण सदाबहार. मी कारली आणि चवळी त्यांची लावते. त्यांचं पडवळ लावत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

टोमॅटोचा नाद पूर्ण सुटला नाही. माती तपासली तर सामू 5.4 निघाला. चुना टाकला, वरंबे उंच केले. रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली वांग्याची रोपं आणली, ती बऱ्यापैकी तगली. टोमॅटो आता भात कापलेल्या खाचरात नोव्हेंबरात लावते. चार महिने पाण्याखाली राहिलेल्या मातीत मर कमी दिसते, आणि रात्री थोड्या गार होतात. टोमॅटोला फळ धरायला रात्र 15-20 अंशांच्या आसपास लागते. इथे पावसाळ्यात रात्रीचा पारा 24 च्या खाली क्वचित उतरतो. म्हणजे 2004 साली ती रोपं मेली नसती, तरी मला फळ फारसं मिळालं नसतं. हे कळल्यावर मला का कोण जाणे, जरा बरं वाटलं. फ्लॉवरही एक हिवाळा करून पाहिला. गड्डा घट्ट धरायच्या आत उन्हाने मोकळा झाला आणि भातासारखा दाणेदार फुटला. कोबी आणि नवलकोल डिसेंबर-जानेवारीत होतात, खोटं कशाला बोलू, चांगले होतात. पण विकायला नेल्यावर कळतं की त्याच सकाळी आंबा घाटातून कोल्हापूरच्या भाजीचे ट्रक उतरलेले असतात आणि त्यांचा कोबी माझ्या कोबीच्या निम्म्या भावात पडतो.

ट्रक जे आणतो ते आपण पिकवू नये, हे माझं मत आहे. घाट जे पिकवू शकतो ते तो आपल्यापेक्षा स्वस्तात पिकवणार. पण अळू त्याच्याकडून येत नाही. करटोली, लाल माठाच्या कोवळ्या जुड्या, गावठी भेंडी, तवसं, चिबूड, हे तो आणत नाही किंवा आणेपर्यंत शिळं होतं. शिवाय आमच्याकडे भाजीला गिऱ्हाईक पावसातच असतं. एरवी माणसं मासळीवाली. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पाठोपाठ श्रावण, मग गणपती. वर्षातले तेवढे तीन-साडेतीन महिने रत्नागिरीकर भाजी शोधत फिरतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत घाट रुसतो. जुलै 2021 मध्ये चिपळूणला पूर आला त्याच सुमारास आंबा घाटात दरड कोसळून अवजड वाहतूक थांबली, तेव्हा बाजारात कोथिंबीर दिसेना. माझ्या ओसरीवर माणसं पडवळ मागायला येत होती. त्यातली काही अशी, की ज्यांनी आदल्या महिन्यात ‘पडवळ कोण खातं?’ म्हणून नाक मुरडलं होतं. मी भाव वाढवला नाही, असं लिहायला आवडलं असतं. थोडा वाढवला.

हवामान आणि बाजार यांच्या चाळणीतून जे उरतं, त्यावर शेवटचा हात वानरांचा. याबद्दल शेतीची पुस्तकं मौन पाळतात. काळतोंडे वानर आणि लालतोंडी माकडं, दोन्ही आमच्याकडे आहेत. पहिल्या आठ-दहा वर्षांत त्रास एवढा नव्हता. आता कळप उतरला की काकडी, भोपळा, शेंगा, मक्याची कणसं अर्ध्या तासात संपतात. खाण्यापेक्षा नासाडी जास्त. कोवळी पडवळं तोडून एक चावा घेऊन फेकतात. जाळं लावलं, फटाके फोडले, कुत्रा पाळला. कुत्र्याशी त्यांची दोस्ती झाली. तेव्हापासून मी निम्मी जमीन त्यांना नकोशा भाज्यांना दिली आहे. कारल्याला ते सहसा हात लावत नाहीत. अळूला नाही, सुरणाला नाही, कारण दोन्ही घशाला खाजतात. आपणही ती चिंच किंवा आमसूल घालूनच खातो. न्हाणीघराच्या सांडपाण्यावर अळू बारा महिने उभा असतो. पाय ओला राहिला तर मरायच्या ऐवजी फोफावतो, अशी ही एकच भाजी माझ्याकडे आहे. सुरण मेमध्ये पुरायचा आणि पानं पिवळी पडून लोळली की काढायचा. कणगी आणि करांदेही असेच, फक्त कणगी रानडुकराच्या नाकाला फार लवकर सापडतात. दोन वर्षं डुकरंच ती माझ्याआधी काढून गेली.

तरुण मुलं आता विचारायला येतात. मुंबईची नोकरी सोडून आलेली, हातात मोबाइल, त्यावर इस्राएलची काकडी किंवा ब्रोकोलीचं हरितगृह. मी त्यांना नाही म्हणत नाही. मलाही कुणी नाही म्हटलेलं ऐकायचं नव्हतं. एवढंच विचारते, घरच्या म्हातारीने परसात काय लावलं होतं ते आधी पाहिलंत का? बहुतेकांच्या घरची म्हातारी आता नसते आणि परस फरशीखाली गेलेलं असतं.

माझ्या सासूबाई 2017 साली गेल्या. अखेरच्या चार-पाच वर्षांत त्यांना मांडवापर्यंत चालवत नव्हतं, ओसरीवरून सूचना चालत. बी धरायचं काम मात्र त्यांनी कुणाला दिलं नाही. मांडवावरचं दुसऱ्या-तिसऱ्या तोड्यातलं सरळ, लांब पडवळ खूण करून वेलावरच राखायचं. लाल होऊन फुटायच्या बेताला आलं की काढायचं, बी धुऊन सावलीत वाळवायचं, राखेत घोळवून मडक्यात ठेवायचं. काकडीचं बी शेणात थापून गोठ्याच्या भिंतीला. शिराळ्याचं फळ तसंच चुलीवरच्या धुरात टांगलेलं. एकदा मी विद्यापीठाच्या पडवळाचं पाकीट आणलं तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, ‘लाव की. पण लांब लाव.’ जवळ लावलं तर पराग इकडून तिकडे जातात आणि आपलं बी बिघडतं, हे त्यांना माहीत होतं. माझ्याकडे लांब जागा नव्हती. ते पाकीट मी माहेरी पाठवून दिलं.

भावाने ते लावलं. त्याच्या मळ्यात झालंही छान, पण वाळव्याच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही.

या वर्षीचं पडवळाचं बी चांगलं आलं आहे, दोन मडकी आहेत. रोहिणी 25 मे ला लागतं. ज्यांना हवं असेल त्यांनी त्याआधी येऊन न्यावं. पैसे नकोत, पण मेढी आधी पुरून या.